व्हिडिओ अडकतो तेव्हा नेटला शिव्या देण्याआधी

‘भाऊ, नेट तं फुल दाखवून रायलं, मंग व्हिडिओ काहून अटकते?’

तालुक्याच्या गावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही. विचारणारे कधी अभ्यासिकेत पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं असतात, कधी जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी, कधी सेतू केंद्रवाला. पंचायतीपर्यंत फायबर आलेलं आहे, स्पीड टेस्टचा आकडा चांगला दिसतो, त्याच वायफायवर हातातल्या मोबाइलमध्ये तोच व्हिडिओ सुरळीत चालतो. डेस्कटॉपवर मात्र मॅडमचा आवाज पुढे निघून जातो आणि ओठ मागून हलत राहतात. मग नेटवाल्याला फोन, राउटर बंद-चालू, प्लॅन वाढवून घेणं. पैसे जातात, व्हिडिओ तसाच.

मोबाइलवर चालतं आणि डेस्कटॉपवर नाही, इथेच अर्धं निदान झालेलं असतं. नेट दोघांना एकच आहे. बिघाड आलेला व्हिडिओ उघडून दाखवण्यात आहे, आणि ते काम डेस्कटॉपमधला कोणता भाग करतोय यावर सगळं अवलंबून आहे.

थोडा हिशेब करू. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके, एका चित्रात २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी तीन बाइट धरले तर एक चित्र साठ लाख बाइटच्या वर जातं. सेकंदाला अशी तीस चित्रं लागतात, म्हणजे सेकंदाला सुमारे १८६ एमबी. दिवसाला दीड जीबी देणारा पॅक असेल तर असा कच्चा व्हिडिओ आठ सेकंदांत तो संपवून टाकेल. तरीही आपण दीड जीबीत तास-तास व्हिडिओ बघतो, कारण तो दाबून पाठवलेला असतो. जिनिंग-प्रेसिंगमध्ये ढिगानं पडलेली रुई दाबून १७० किलोची गाठ बांधतात, तेव्हाच ती ट्रकमध्ये मावते. व्हिडिओचीही तशीच गाठ बांधून येते आणि आपल्या कॉम्प्युटरला ती चालता चालता सोडावी लागते.

ही गाठ बांधण्याची रीत हुशारीची आहे. एक चित्र पूर्ण पाठवायचं आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढं सांगायचं. फळ्यासमोर उभ्या असलेल्या सरांच्या व्हिडिओत फळा, भिंत, पंखा जागचे हलत नाहीत. हलतो तो सरांचा हात आणि तोंड. म्हणून असा व्हिडिओ लहान बनतो. उलट कृषी विद्यापीठाचा गुलाबी बोंडअळीवरचा व्हिडिओ वाऱ्यावर डुलणाऱ्या कपाशीत काढलेला असेल, तर प्रत्येक पान हलतंय, सावली हलतेय, कॅमेराही चालतोय. तो जड बनतो आणि उघडायलाही जड जातो. एकाच मशीनवर अंकगणिताचा क्लास चालतो आणि शेताचा व्हिडिओ अडखळतो, ते यामुळे.

गाठ बांधायच्या पद्धती एकाहून अधिक आहेत. आज युट्यूबवर दिसणाऱ्यांत जुनी आणि सगळीकडे चालणारी म्हणजे २००३ साली आलेली एच.२६४. गूगलची व्हीपी९ २०१३ची. २०१८ साली अनेक कंपन्यांनी मिळून एव्ही१ काढली. नवी पद्धत तेवढ्याच चित्राला कमी डेटा खाते, म्हणून युट्यूबसारख्यांना ती आवडते. पण सोडायला तिला मेहनत जास्त लागते. डेटा वाचला तो त्यांचा आणि आपलाही, मेहनत मात्र पूर्ण आपल्या मशीनच्या माथी.

ती मेहनत दोघांपैकी एक जण करतो. एक प्रोसेसर, म्हणजे सीपीयू. तो कोणतंही काम करू शकतो, पण व्हिडिओ हे त्याचं खास काम नाही. दुसरा ग्राफिक्स चिपमध्ये बसवलेला छोटासा भाग, जो फक्त ठरावीक पद्धतीच्या गाठी सोडायला बनवलेला असतो. आपल्याकडच्या बहुतेक डेस्कटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं. इंटेलच्या प्रोसेसरच्याच पोटात ग्राफिक्स असतं आणि हा भाग तिथेच असतो. त्याला ती पद्धत येत असेल तर फुल एचडी व्हिडिओ चालू असताना सीपीयू जवळजवळ मोकळा राहतो. येत नसेल, तर सगळा भार सीपीयूवर. ब्राउझरनं हे काम सीपीयूकडून काढून त्या खास भागाला देणं, यालाच हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन म्हणतात. स्वस्तातल्या नव्या मोबाइलमध्येसुद्धा हा भाग असतो आणि त्याला व्हीपी९ येतं. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या डेस्कटॉपला ते येत नाही. म्हणून मोबाइल जिंकतो.

आता आपल्या मशीनचं दुखणं ओळखायचं कसं? आधी डोळ्यांनी बघा. मधोमध गोल चक्र फिरतंय, चित्र आणि आवाज दोन्ही थांबलेत, तर माल येतच नाहीये. ते नेटचं काम, हा लेख तिथे कामाचा नाही. चक्र फिरत नाही, आवाज नीट चालू आहे, चित्र मात्र धक्के खात जातंय, तर गाठ सोडणारा मागे पडतोय. प्लेअर आवाजाला आधी सांभाळतो, कारण आवाज तुटला की कानाला लगेच कळतं. वेळेवर तयार न झालेलं चित्र तो सरळ टाकून देतो आणि पुढे जातो. तिसरी तऱ्हा म्हणजे पडदा हिरवा किंवा काळा, किंवा रंगीत चौकोनांचा चिखल, आणि आवाज व्यवस्थित. ते बहुतेक वेळा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचं, म्हणजे विंडोजकडून ग्राफिक्स चिपला काम सांगणाऱ्या सॉफ्टवेअरचं, दुखणं असतं.

युट्यूबवर याचा पुरावाही मिळतो. चालू व्हिडिओवर माउसचं उजवं बटण दाबा, सगळ्यात खाली ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ दिसेल. त्यावर क्लिक केलं की कोपऱ्यात काळी चौकट येते. तिथलं सगळं समजायची गरज नाही, तीन ओळी पुरेत. ‘बफर हेल्थ’ म्हणजे पुढचा किती सेकंदांचा व्हिडिओ येऊन पडला आहे. तो आकडा दहा-वीसच्या वर टिकून असेल तर नेट निर्दोष. ‘फ्रेम्स’च्या ओळीत ‘ड्रॉप्ड’ म्हणजे टाकून दिलेली चित्रं. सुरुवातीला दोन-चार पडणं चालतं. पण आकडा सारखा वाढतच चालला असेल तर चोर सापडला. आणि ‘कोडेक्स’च्या ओळीत गाठीची पद्धत लिहिलेली असते: एव्हीसी१ म्हणजे एच.२६४, व्हीपी०९ म्हणजे व्हीपी९, एव्ही०१ म्हणजे एव्ही१.

त्यानंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ‘परफॉर्मन्स’मध्ये जा. विंडोज १०च्या २०१७च्या अपडेटपासून तिथे जीपीयूचाही, म्हणजे ग्राफिक्स चिपचाही, आलेख मिळतो. त्यात ‘व्हिडिओ डिकोड’ नावाची चौकट असते; एएमडीच्या चिपवर तिथे ‘व्हिडिओ कोडेक’ दिसू शकतं. व्हिडिओ चालू असताना तिथली रेघ वर उठलेली असेल तर खास भाग कामावर आहे. ती जमिनीला चिकटलेली आणि सीपीयू शंभराला टेकलेला, तर सगळी मजुरी सीपीयू करतोय. फार जुन्या चिपवर बरोबर ड्रायव्हर असूनही जीपीयूचा हा रकाना येत नाही. तिथे ड्रॉप्ड फ्रेम्स आणि सीपीयूचा आकडा यांवरच निदान करावं लागतं. याच पानावर डिस्क सारखी शंभर टक्के दिसत असेल आणि रॅम चार जीबीच असेल, तर व्हिडिओचा दोष नाही. मशीन रॅमअभावी हार्ड डिस्कवर घासतंय. रॅम वाढवा, जमलं तर हार्ड डिस्कच्या जागी तिच्याहून वेगवान एसएसडी टाका.

गावाकडे सगळ्यात जास्त सापडणारं कारण मात्र याहून साधं आहे, आणि ते एका शाळेतल्या मशीनवरून सांगतो. यवतमाळ जिल्ह्यातली शाळा, कार्यालयातला डेस्कटॉप, इंटेलचा चौथ्या पिढीचा आय३ प्रोसेसर. कोणीतरी पेनड्राइव्हवरून विंडोज नव्यानं टाकून दिलं होतं आणि तेव्हापासून ‘दीक्षा’ या शालेय पाठांच्या सरकारी साइटवरचे पाठही अडखळत होते. मॉनिटर रुंद, पण पडद्यावरची माणसं सगळी जाडी दिसत होती. गुरुजी म्हणाले, ‘मॉनिटरच गेला असन.’ मॉनिटर धडधाकट होता. स्टार्टवर उजवं क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडलं, ‘डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स’च्या खाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर’ लिहिलेलं. म्हणजे विंडोज टाकलं, पण ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकलाच नाही. अशा वेळी विंडोज कसंबसं चित्र दाखवण्यापुरता आपल्या घरचा ड्रायव्हर लावून घेतं. त्याला मॉनिटरचं खरं माप कळत नाही, म्हणून माणसं जाडी. आणि व्हिडिओच्या खास भागापर्यंत तो पोहोचतच नाही, म्हणून अडखळणं. चिपमध्ये सोय आहे, पण तिला काम सांगणारं कोणी नाही.

इंटेलचा ड्रायव्हर टाकला, मशीन पुन्हा चालू केलं. माणसं बारीक झाली. दीक्षावरचे पाठ नीट चालायला लागले. युट्यूबचा फुल एचडी व्हिडिओ मात्र तरीही धक्के खात होता, कारण कोडेकच्या ओळीत व्हीपी९ होतं आणि चौथ्या पिढीच्या इंटेलमध्ये व्हीपी९ची धड सोय नाही. एच.२६४ची सोय इंटेलच्या २०११ सालच्या दुसऱ्या पिढीतही आहे; व्हीपी९ची पूर्ण सोय सातव्या पिढीपासून आली आणि एव्ही१ची अकराव्या पिढीपासून. तेव्हा गिअरच्या चिन्हावर जाऊन ‘क्वालिटी’ ७२० केली. ठिपके निम्म्याहून कमी झाले आणि सीपीयूच्या आवाक्यात आले. शाळेचा मॉनिटर १३६६ गुणिले ७६८चाच होता, त्यावर ७२० आणि १०८० यांतला फरक शोधून दाखवणाऱ्याला चहा पाजायची माझी तयारी आहे. तरी लोक १०८० लावतात, कारण आकडा मोठा दिसतो.

ज्यांना जुन्या मशीनवर फुल एचडी हवंच आहे त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. युट्यूबकडे एच.२६४चीच गाठ मागणारी, ब्राउझरला जोडायची छोटी एक्स्टेंशन मिळतात, ‘एच२६४इफाय’ हे त्यातलं जुनं नाव. त्यानं डेटा थोडा जास्त जातो आणि १०८०च्या वरची क्वालिटी मिळत नाही, पण चित्र सुरळीत होतं. फायरफॉक्सवाले ‘अबाउट कॉन्फिग’च्या पानावर एव्ही१चं बटण फॉल्स करून निदान एव्ही१ तरी टाळू शकतात.

ड्रायव्हर आणायचा कुठून, यावर थोडं सांगितलंच पाहिजे. सगळ्यात आधी विंडोज अपडेटच्या ‘ऑप्शनल अपडेट्स’मध्ये बघा, पुष्कळदा तिथेच वाट बघत पडलेला असतो. नाही तर कॉम्प्युटरच्या किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून. असेम्बल मशीनसाठी इंटेल किंवा एएमडीच्या साइटवरून. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर’ देणारी फुकटची सॉफ्टवेअरं मात्र हात लावू नयेत अशीच. त्यातली कित्येक ड्रायव्हर कमी आणि जाहिराती जास्त आणतात, आणि सेतू केंद्राच्या मशीनवर, जिथे लोकांचे आधार आणि सातबारे उघडे असतात, तिथे असला पाहुणा नकोच.

आता ब्राउझरमधलं ते बटण, ज्याच्यावर युट्यूबवर शेकडो व्हिडिओ आहेत आणि बहुतेकांत सल्ला एकच: ‘हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करा, प्रॉब्लेम खतम.’ क्रोममध्ये वरच्या तीन ठिपक्यांतून सेटिंग्ज, मग सिस्टिम. तिथे ‘युज ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन व्हेन अव्हेलेबल’ असं बटण आहे, पूर्वी ‘ग्राफिक्स’च्या जागी ‘हार्डवेअर’ लिहिलेलं असायचं. एजमध्येही सिस्टिमच्याच विभागात. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या जनरल पानावर ‘परफॉर्मन्स’खाली आधी शिफारस केलेल्या सेटिंग्जची खूण काढावी लागते, मग ते दिसतं. बदल केल्यावर ब्राउझर पुन्हा चालू करायला सांगतो. त्या आधी अर्धवट भरलेला फॉर्म सबमिट करून घ्या. टॅब परत येतात, भरलेली माहिती येईलच असं नाही, आणि इनकॉग्निटोचे टॅब तर येतच नाहीत.

माझं म्हणणं असं की हे बटण तपासणीसाठी वापरायचं. इलाज म्हणून ते कायमचं बंद ठेवायचं नाही. हिरवा-काळा पडदा येत असेल तर बंद करून बघा. बंद केल्यावर चित्र नीट झालं, तर ड्रायव्हर बिघडलेला आहे हे सिद्ध झालं. आता ड्रायव्हर बदला आणि बटण पुन्हा चालू करा. चित्र धक्के खातंय म्हणून बटण बंद करणं म्हणजे आधीच थकलेल्या सीपीयूच्या डोक्यावर आणखी ओझं ठेवणं. दणकट प्रोसेसर असलेल्या नव्या मशीनवर ते खपून जातं, म्हणूनच तो सल्ला फिरत राहतो. गावातल्या मशीनवर तो अंगलट येतो. बरेचदा कोणीतरी कधीकाळी बंद करून ठेवलेलं बटण नुसतं चालू केलं तरी गिऱ्हाईक खूश होऊन जातं.

बटण चालू असूनही ब्राउझर खास भागाला काम देत नाही असंही होतं. काही जुन्या चिप आणि ड्रायव्हरच्या जोड्या क्रॅश करतात हे माहीत असल्यामुळे क्रोमनं त्यांची यादी ठेवलेली असते आणि तिथे तो आपणहून माघार घेतो. क्रोमचा खरा कबुलीजबाब बघायचा असेल तर पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत क्रोम, पुढे कोलन, दोन तिरप्या रेघा आणि जीपीयू असं टाइप करा. उघडलेल्या पानावर ‘व्हिडिओ डिकोड’समोर ‘हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेटेड’ आहे की ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ ते लिहिलेलं असतं. फायरफॉक्समध्ये ‘अबाउट सपोर्ट’च्या पानावर कोणत्या पद्धतीला हार्डवेअरची साथ आहे याचा तक्ताच मिळतो. क्रोमची ती यादी डावलायचं बटणही ‘फ्लॅग्ज’ या प्रायोगिक सेटिंग्जच्या पानावर आहे, पण यादी कारणाशिवाय बनलेली नाही. त्याच्या नादी लागू नका.

विंडोज ७ची मशीनंही अजून दिसतात. क्रोमची १०९ ही आवृत्ती त्याच्यावरची शेवटची; २०२३च्या फेब्रुवारीपासून पुढची येत नाही. अशा मशीनवर व्हिडिओ दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही, आधी विंडोजचं बघा.

उन्हाळ्याचं वेगळं. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त. सीपीयू शंभर अंशांच्या आसपास पोहोचला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. ओळखायची खूण अशी: सकाळच्या बॅचला व्हिडिओ ठीक, दुपारच्या बॅचला अडखळतो, किंवा पहिली काही मिनिटं छान आणि मग धक्के सुरू. ड्रायव्हरचं दुखणं वेळ बघून येत नाही, उष्णतेचं येतं. झाकण उघडून बघा. जिनिंगच्या आसपासच्या गावांत पंख्याखालच्या पट्ट्यांमध्ये कापसाचे तंतू आणि धूळ मिळून जाड नमदाच बसलेला असतो, हवा जायला जागाच नसते. मशीनचं कनेक्शन काढून, पंख्याची पाती बोटानं धरून ब्लोअर मारा. पाती न धरता मारलं तर पंखा गरागरा फिरून खराब होऊ शकतो. प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली पेस्ट बदला. आणि कॅबिनेट कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका. हवा थंड लागते खरी, पण ती ओली असते, सोबत धूळही आत घेऊन जाते आणि पिनांवर गंज चढतो.

शेवटी जुनं मशीन विकत घेणाऱ्यांसाठी. नागपूर-अमरावतीहून ऑफिसातून निघालेले डेस्कटॉप इकडे बरेच येतात, आणि विकणारा ‘आय५ आहे’ एवढंच सांगतो. आय५ २०११चाही असतो आणि परवाचाही. पूर्ण नंबर विचारा. आय५-२४०० म्हणजे दुसरी पिढी, आय५-७४०० म्हणजे सातवी. चार आकड्यांत पहिला आकडा पिढीचा, पाच आकडे असले तर पहिले दोन, म्हणजे १०४०० ही दहावी. व्हीपी९साठी सातवी चालेल, पण थोडे वाढवून आठवी घ्या. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे, एक-दोन अपवाद सोडले, तर आठव्या पिढीपासूनच चालतं. कॅबिनेटवरच्या स्टिकरवर जाऊ नका, स्टिकर बाजारात सुटे मिळतात. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचं नाव वाचा, दुकानातल्याच नेटवर युट्यूबचा फुल एचडी व्हिडिओ लावा, कोडेकच्या ओळीत व्हीपी०९ आहे ना ते बघा, आणि ‘व्हिडिओ डिकोड’ची रेघ वर उठली की मगच पैसे मोजा.